शून्य टक्के

सर म्हणाले, सुरुवात चौदा मार्चपासून धर.
दोन हजार सहा. मंगळवार.
त्या दिवशीचा बंद भाव एकेचाळीस वीस,
त्याला शून्य म्हणायचं,
आणि पुढे रोजचा भाव त्याच्यापेक्षा किती वर, ते टक्क्यांत.
सोपं आहे. एक वजाबाकी, एक भागाकार,
मग खालपर्यंत ओढत न्यायचं.

निर्झर पंप्स
काल संध्याकाळी पाचशे बावन्न रुपये आठ पैसे,
म्हणजे बाराशे चाळीस टक्के वर.
रेघ हिरवी.
आधी बरीच वर्षं जमिनीलगत सरपटते,
मग जमीन विकल्याच्या बातमीपाशी
उठून उभी राहते.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीपासून मोजली असती,
तेव्हा भाव शहाण्णव होता,
तर चारशे पंचाहत्तर.
तेही काही कमी नाही, मी म्हटलं.
झरीवाला सर हसले. बाराशे हातात असताना
चारशे कोण दाखवतं?
शिवाय चौदा मार्चला अर्थ आहे, म्हणाले.
त्या दिवशी पुनर्रचना जाहीर झाली.

पुनर्रचना.
आमच्या भांडुपात त्याला टाळं म्हणतात.
बाबा सकाळी डबा घेऊन गेले
आणि साडेआठला डब्यासकट परत आले.
आईने भाजी पुन्हा पातेल्यात काढली.
माझी बारावी चालू होती, मला कुणी काही बोललं नाही.
बाजार मात्र खूश होता त्या दिवशी,
छत्तीसचा एकेचाळीस वीस.
हे मला आत्ता कळतंय,
बीकेसीच्या सहाव्या मजल्यावर, एसीत, शाल घेऊन.

कामगारांना दिलेले चारशे शेअर होते आमच्याकडे.
बाबांनी ते जूनमध्ये विकले, त्रेचाळीस पासष्टला.
माझ्या तक्त्याप्रमाणे जवळजवळ सहा टक्के नफा.
सतरा हजार चारशे साठ.
लॅमिंग्टन रोडवरून जुना कॉम्प्युटर आला,
टॅक्सीच्या मागच्या सीटवर, मॉनिटर बाबांच्या मांडीवर.
आज त्याचे दोन लाख वीस हजार झाले असते.
हे त्यांना सांगायचं मी टाळलं.
म्हणाले असते, आणि तू? तू किती टक्के?

रविवारी घरी काम घेऊन गेले.
वाइंडिंग खातं होतं तिथे आता पोहायचा तलाव आहे,
आमच्या गच्चीवरून निळा तुकडा दिसतो.
बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"हे आपलं?"
आपलंच म्हणतात अजून.
"आणि याच्या आधी?"
आधी काही नसतं, बाबा. इथे शून्य.
"शून्य कसं? एकेचाळीस रुपये होते म्हणतेस ना?"

मी समजावलं. पाया म्हणजे काय,
तो का धरावा लागतो, कुठेही धरता येतो.
सुपरवायझरचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.
मग तांब्याच्या तारेने वाकडं झालेलं बोट
शून्यावर ठेवलं
आणि डावीकडे नेलं,
स्क्रीनच्या काठावरून खाली, मेणकापडावर,
बिस्किटाच्या चुऱ्यातून,
बशीला वळसा घालून.
मध्ये थांबले. "हा संप."
त्याच्या पलीकडे, जरा लांब, "इथे तू."
टेबल संपलं तिथे बोट हवेत राहिलं.

"एक्क्याऐंशी," म्हणाले, "तीन नोव्हेंबर.
तेव्हा दिवसाला नऊ मोटरी भरायचो.
सुटलो तेव्हा बावीस."
लॅपटॉपकडे बघत राहिले.
"ते किती टक्के होतात?"

एकशे चव्वेचाळीस, मी म्हटलं. पॉइंट चार चार.

"एवढे?"
आणि मेणकापडावरचा चुरा
तळहातात गोळा करू लागले.